पाचपैकी साडेचार

“कागद आणा. रेघांचा आणा,” धुमाळ सरांनी फर्मान सोडलं आणि पोह्यांची बशी सरकवून टीपॉयवर जागा केली.

चहाचा ट्रे अजून माझ्या हातातच होता. मला वाटलं, पत्ताबित्ता लिहून द्यायचा असेल. अण्णा लगबगीनं आत गेले आणि माझ्याच वहीचं पान टरकावून घेऊन आले. सरांनी खिशातून पेन काढलं. चार रंगांचं, जाडजूड, खटका दाबला की रंग बदलणारं. ते काही त्यांनी मला दिलं नाही. मला अण्णांचं गळकं बॉलपेन मिळालं. स्वतःचं पेन त्यांनी तांबड्यावर आणलं आणि हातात धरून ठेवलं.

“बस मुली. पाच वाक्यं लिहायची. इंग्रजीत.”

मुलगी बघायला आलेल्या माणसांनी काय काय करायला लावलं याच्या गोष्टी बायका आजही सांगतात. कुणाला चालून दाखवायला लावलं, कुणाची वेणी सोडायला लावली. माझा पेपर घेतला! सत्त्याण्णव सालात, बार्शीत, आमच्याच घरात, आमचेच पोहे खात.

आता माझी अवस्था सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी डी.एड. झाले होते आणि ठाणे जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा आदेश घरी येऊन पडला होता. जव्हारजवळची शाळा. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, नाही झालं तर नेमणूक रद्द. अण्णा आडत दुकानात दिवाणजी होते. आदेश बघून ते एवढंच म्हणाले, “जव्हार? तिकडं पोरीला एकटीला धाडायला मी काय खुळा आहे?” आणि दोनच दिवसांत हे स्थळ घेऊन आले. मुलाकडच्यांना नोकरी करणारी सून नको होती. म्हणून अण्णांनी त्यांना सांगितलं, आमच्या पोरीला नोकरीबिकरी काही नाही, तिला घरकामाचीच आवड. बघा, मला कशाची आवड आहे हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या दिवशी आईनं मला देवापुढं उभं केलं. “हात जोड आणि सांग, नोकरीचं एक अक्षर तोंडातून काढणार नाहीस. तुझ्या बापाची मान खाली जाईल.” आईचे डोळे भरलेले. मी सांगितलं, नाही काढणार. माझी चूक म्हणा, पण आईपुढं माझं कधीच काही चाललं नाही.

तर अशी मी पेन घेऊन बसलेली. समोर मुलाची आई, शेजारी मुलगा अविनाश, आणि खुर्चीत हे धुमाळ सर, त्याचे काका. इंदापूरकडच्या कुठल्याशा हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

मुलाची आई म्हणाली, “आमच्यात सुनेनं नोकरी करायची पद्धत नाही हो. पण इंग्रजी मात्र पाहिजे. अविनाशच्या साहेबांच्या बायका येतात-जातात. तिथं मुक्यासारखं बसून कसं चालेल?”

म्हणजे साहेबांच्या बायकांपुढं बोलायचं आणि घरच्यांपुढं मुकं बसायचं. वा रे वा!

“आधीच्या तिघी इथंच नापास झाल्या,” सर म्हणाले. “एक तर एम.ए. होती. पण वाक्याच्या तोंडाशी वेळ आली की तिच्यामागं कॉमा द्यायचा, एवढं साधं कळू नये? सकाळी, कॉमा, मी उठते. तीच वेळ वाक्याच्या शेपटाला गेली, तर कॉमा नको. मी उठते सकाळी. लक्षात आलं?”

हे ते मला विचारत होते, पण मान अण्णांनी डोलावली. उभ्या जन्मात अण्णांनी इंग्रजी अक्षर गिरवलं नव्हतं. तरी अशी मान डोलावली, जणू रोज दुकानात कॉमाच तोलून देतात.

“मी वेळ सांगतो, पुढचं वाक्य तुझं. पहिलं. इन द मॉर्निंग.”

मी लिहिलं, सकाळी मी सडा-रांगोळी करते. कॉमा दिला नाही. मला सवयच नव्हती. लिहून होतंय तोवर तांबडं पेन कागदावर उतरलं. मॉर्निंगच्या पायाशी एवढा मोठा तांबडा कॉमा, त्याच्याभोवती गोल.

“अर्धा मार्क गेला!”

“सर,” मी म्हटलं, “सुरुवातीचे शब्द दोन-तीनच असले तर कॉमा नाही दिला तरी चालतो. लांबलचक असले, तर द्यावा. आम्हाला कॉलेजात असं शिकवलंय.”

“कुणी शिकवलं? त्याला आण माझ्यापुढं!”

“हेमा!” अण्णा ओरडले. “सर सांगतात ते ऐक. उलट उत्तर नको.” आणि सरांकडं वळून, हात जोडल्यासारखे करून, “लहान आहे हो अजून. शिकेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बावीस वर्षांची, डी.एड. फर्स्ट क्लासात पास झालेली. आणि अण्णा माझ्या वतीनं माफी मागत होते, तीही कशाची, तर मी बरोबर बोलले त्याची.

तेवढ्यात अविनाश हळूच म्हणाला, “काका, जाऊ द्या ना. पोहे गार होताहेत. छान झालेत.” आणि माझ्याकडं बघून जरासा हसला. खोटं कशाला बोलू, मला तो बरा वाटला. सावळा, उंच, डोळ्यांत मिश्किलपणा. या सगळ्या तमाशाची त्याला लाज वाटतेय, असं मला वाटलं. मनात आलं, हा माणूस वेगळा असेल.

“दुसरं. लास्ट इयर.”

मी लिहिलं, गेल्या वर्षी, कॉमा, मी परीक्षा पास झाले. सरांनी खूण केली. आणि तेव्हा माझ्या लक्षात एक गंमत आली. सरांची नजर वेळेच्या शब्दांवरून सरकत कॉमापर्यंत जायची, तिथं थबकायची आणि तिथूनच माघारी फिरायची. पुढचं वाक्य ते वाचतच नव्हते. परीक्षा लिहिलंय का पुरणपोळी, त्यांना सोयरसुतक नव्हतं.

खरंच वाचत नाहीत का? बघूच म्हटलं.

“तिसरं. एव्हरी संडे.”

मी लिहिलं, दर रविवारी, कॉमा, आमची म्हैस पेपर वाचते.

तांबडं पेन आलं, कॉमापाशी थांबलं आणि झोकदार बरोबरची खूण करून गेलं. “शाब्बास! आता जमायला लागलं.”

मला हसू फुटायच्या बेतात होतं, पण ते आतल्या आत विरलं. राग आला. चार माणसं माझं इंग्रजी बघायला बसलेली आणि मी काय म्हणतेय ते वाचायला एकही तयार नाही. आधीच्या त्या तिघींनीही काही लिहिलं असेल. त्यांचंही कुणी वाचलं नसेल.

“चौथं. नेक्स्ट मंडे.”

मी दचकले. त्यांना बापड्यांना काय माहीत, त्यांनी सहज सुचला तो वार सांगितला. पण पुढचा सोमवार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. मी आईकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात कपबशा धरून उभी होती. तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं मी तिला कबूल केलं होतं. तोंड मी बंदच ठेवलं. हातानं लिहिलं, पुढच्या सोमवारी, कॉमा, मी जव्हारच्या माझ्या शाळेत रुजू होणार आहे.

बरोबरची खूण.

“आणि शेवटचं.” सर माझ्याकडं बघून मिशीत हसले. “आफ्टर मॅरेज.”

मुलाची आई लाजल्यासारखी हसली. अण्णाही हसले. मी लिहिलं, लग्नानंतर, कॉमा, मी तिथंच राहणार आणि तिथंच शिकवणार.

बरोबरची खूण! तीही दोनदा गिरवून. खाली सरांनी साडेचारचा आकडा काढला, त्याखाली रेघ, रेघेखाली पाच, आणि सही ठोकली. “पाचपैकी साडेचार! वहिनी, अशी मुलगी तुम्हाला शोधून सापडायची नाही. आपली पसंती आहे.”

अण्णांचा चेहरा असा फुलला, विचारू नका. आई लगेच साखरेचा डबा काढायला वळली.

“पण लिहिलंय काय, ते तरी कळू द्या की आम्हाला,” मुलाची आई म्हणाली. “मला कुठं येतंय इंग्रजी?”

“अविनाश, वाच. मराठीत सांग तुझ्या आईला,” असं म्हणून सरांनी कागद त्याच्याकडं दिला आणि स्वतः चहाचा कप उचलला.

आता हा वाचेल. आता सगळ्यांना कळेल. आणि मी तर एक शब्दही बोललेली नाही.

अविनाशनं पहिली दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्यापाशी आला आणि ओठ चावून हसू दाबलं. माझ्याकडं बघितलं. मीही हसले. “दर रविवारी ही पेपर वाचते,” तो म्हणाला.

म्हैस त्यानं गाळून टाकली! सरांची अब्रू वाचवली आणि माझीही. मला तेव्हा ते गोड वाटलं, खरंच सांगते. दोघांत काहीतरी गुपित झाल्यासारखं वाटलं.

मग तो चौथ्या वाक्याशी आला. वाचलं. पाचवं वाचलं. हसू मावळलं. त्यानं आधी आईकडं बघितलं, मग अण्णांकडं, आणि मग घसा खाकरून शांतपणे म्हणाला, “पुढच्या सोमवारी मी माझ्या जुन्या शाळेत भेटायला जाणार आहे. लग्नानंतर मी घर नीट सांभाळीन.”

“गुणाची गं बाई!” त्याची आई म्हणाली.

अविनाशनं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली. काळजी करू नका, सांभाळून घेतलं, असं. उपकार केल्यासारखं! मेला, माझ्याच डोळ्यांत बघत माझं वाक्य खाऊन टाकलं आणि वर समजूत घालतोय. त्या सरांनी वाचलं नव्हतं. ह्यानं तर वाचलं होतं. सगळं कळलं होतं ह्याला. कळूनही मला काय हवंय हे ह्यानं स्वतःच ठरवलं आणि माझ्या नावावर खपवलं.

कानशिलं तापली माझी. वाटलं, उठावं आणि ओरडावं. पण आईला शब्द दिलेला. मग मला एकच सुचलं. मी सरांकडं वळले.

“सर, इंग्रजीला तुम्ही मार्क दिलेत. भाषांतरालाही द्या की. बरोबर केलंय का ह्यांनी, एवढं बघा.”

“काका, राहू द्या, भावार्थ सांगितलाय मी,” अविनाश घाईनं म्हणाला.

पण बाण बरोबर जागी बसला होता. “भावार्थ कसला? आण इकडं,” म्हणत सरांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं.

“म्हैस?” ते पुटपुटले. “दर रविवारी आमची म्हैस पेपर वाचते?”

“कुठली म्हैस?” अण्णांनी गोंधळून विचारलं. आमच्याकडं म्हैस नव्हती.

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याकडं बघत राहिले. मी खाली बघितलं नाही. त्यांनी पुढं वाचलं. आणि त्या म्हाताऱ्याची मला एक गोष्ट मानावी लागेल. त्याला आता गप्प बसता आलं असतं. पुतण्या घरचा, वहिनी घरची, अब्रू स्वतःची. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, समोर धडधडीत चुकीचं भाषांतर बघून त्याला गिळवेना.

“चूक,” ते म्हणाले. “अविनाश, साफ चूक. पुढच्या सोमवारी मी जव्हारच्या माझ्या शाळेत रुजू होणार आहे. असं लिहिलंय. भेटायला नाही, रुजू. आणि लग्नानंतर मी तिथंच राहणार आणि तिथंच शिकवणार.”

आतल्या चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी आई हलली नाही.

“आणि ह्याला तुम्ही बरोबरची खूण केलीत, भाऊजी?” मुलाच्या आईनं विचारलं.

“कॉमा बरोबर आहे,” सर खालच्या आवाजात म्हणाले.

मग जो भडका उडाला! “नोकरी लागलीय आणि तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवता? फसवायला निघालात आम्हाला?” मुलाची आई अण्णांवर तुटून पडली. अण्णा नुसते हात चोळत म्हणत होते, “नाही, नाही, ती सोडणारच आहे नोकरी, पोरखेळ आहे तो, हेमा, सांग ना त्यांना, सांग!” मी सांगितलं नाही. ती बाई उठली, पदर झटकला. “शिकवली एवढी, पण वळण लावलं नाही,” असं आईला ऐकवून पायरी उतरली. सर तिच्यामागं गेले. जाताना कागद त्यांनी टीपॉयवर ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “दोन-तीन शब्दांपुढं नाही दिला तरी चालतो. बरोबर आहे तुझं.”

अविनाश मागं राहिला. दारात चपला घालताना तो माझ्याजवळ वाकला आणि इंग्रजीत बोलला. हळू, गोड आवाजात. म्हणजे अण्णांना नि आईला कळू नये. म्हणाला, तुम्ही मला खुणावलं असतं तरी चाललं असतं, मी हळूहळू आईला पटवलं असतं. उगीच तमाशा केलात. मी तर तुमच्याच भल्यासाठी वाक्य बदललं.

मी उत्तर मराठीत दिलं. आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

“माझं भलं मला विचारून करायचं. खोटं सांगायचं होतं तर स्वतःच्या तोंडचं सांगायचं. माझ्या नावावर कशाला?”

तो काहीतरी पुटपुटला. मग गेला. गाडीचं दार लागलं, गाडी वळली.

अण्णा पेटलेच होते. “घालवलंस! सोन्यासारखं स्थळ घालवलंस. त्या पोरानं तुला सांभाळून घेतलं होतं, तर तूच उकरून काढलंस. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.” ते येरझारा घालत होते. “सोमवार विसर. ह्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, सांगून ठेवतो. सोमवारी काय, कुठल्याच वारी नाही.”

मी भांडायला तोंड उघडणार, तोच आई बाहेर आली. हातात जळक्या दुधाचं पातेलं तसंच. आमच्या घरात अण्णा बोलत असताना आईनं मध्ये तोंड घातल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

“तुम्हाला तो पोरगा चांगला वाटला?” तिनं विचारलं.

“मग? वाईट काय होतं त्याच्यात?”

“हिनं लिहिलं एक, आणि त्यानं सांगितलं दुसरंच. हिच्या समोर बसून. डोळ्याची पापणी लवली नाही.” आईचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. “आज लिहिलेलं बदललं. उद्या ही त्याच्या घरात रडायला लागली, तर आपल्याला सांगेल, हसतेय म्हणून. आणि आपण इथं बार्शीत बसून साखर वाटू.”

अण्णा थबकले.

“मी हिला देवापुढं उभी केली,” आई म्हणाली. “गप्प बस म्हणून सांगितलं. बसली बिचारी. आता मी गप्प बसायची नाही.” तिनं पातेलं टीपॉयवर आदळलं, साडेचार मार्कांच्या त्या कागदावरच. “शनिवारी आम्ही दोघी नाशिकच्या गाडीत बसतोय, तिथून पुढं जव्हार. तुम्हाला यायचं असेल तर या. नाहीतर दुकान आहेच.”